तिसऱ्या लेव्हलचे अकरा जण

शाळा विकत घ्यायची म्हणजे नेमकं काय विकत घ्यायचं, हे बाईंना तीन दिवसांत एकाही माणसाने धड सांगितलं नव्हतं. जागा भाड्याची. पुस्तकं कंपनीची. नाव कंपनीचं, दारावरची पाटी कंपनीची, भिंतीचा तो कावीळ झाल्यासारखा पिवळा रंगसुद्धा कंपनीनेच ठरवून दिलेला. मग यात आपलं काय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तर धाकटे दीर हसले.

"वहिनी, फ्रँचायझी म्हणजे हेच. सगळं तयार मिळतं. आपण फक्त चालवायचं."

"आणि नाही चाललं तर?"

"शुभ बोल गं," साहेब म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

साहेब म्हणजे बाईंचे यजमान. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा खुर्ची गेली, टेबल गेलं, पण साहेब हे नाव काही गेलं नाही. आणि बाई म्हणजे बाई. चोवीस वर्षं इंग्रजीचा क्लास घेतल्यावर माणसाला दुसरं नाव उरतच नाही. दूधवाला, वाणी, सख्खी नणंदसुद्धा त्यांना बाईच म्हणायची. भाड्याच्या दोन खोल्या, सोळा बाकं, एक फळा. शनिवारी न सांगता चाचणी घ्यायची आणि मुलं घरी जायच्या आत निकाल हातात द्यायचा, ही बाईंची ख्याती. दर शनिवारी बाईंच्या क्लासातल्या निम्म्या मुलांच्या पोटात दुखायचं आणि उरलेल्या निम्म्यांच्या आयांच्या.

तर अशा या बाई परक्या देशात, दिरांच्या नवव्या मजल्यावरच्या घरात, गुरुवारी सकाळी केस विंचरत होत्या, आणि आज चाचणी त्यांची होती. आज एक वाजता शाळेच्या मालकाला हो की नाही ते सांगायचं होतं. उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, असं मालक म्हणत होता. हो म्हणायचं तर राहतं घर विकायचं, क्लास बंद करायचा आणि म्हातारपणी नव्या गावात बस्तान मांडायचं. नाही म्हणायचं तर साहेबांचं तोंड बघायचं. आणि नुसत्या साहेबांनी हो म्हणून भागणार नव्हतं. कंपनीचा नियम असा, की शिकवण्याचा अनुभव असलेल्या माणसाच्या नावानेच शाळा मिळते. म्हणजे सही बाईंची. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

साहेब आरशात डोकावले. हातात ती निळी फाइल होतीच. दोन महिने ते त्या फाइलीला उशाशी घेऊन झोपत होते.

"हे बघ. पुन्हा एकदा बघ. शंभरातले ब्याण्णव विद्यार्थी टिकतात. ब्याण्णव! अगं, आपल्याकडे काय होतं? परीक्षा झाली की पोरं भुर्र. दरवर्षी पुन्हा शून्यापासून. पुन्हा पत्रकं वाटा, पुन्हा आयांच्या विनवण्या करा. इथे माणूस एकदा आला की जातच नाही."

"जातच नाही?" बाई म्हणाल्या. "मग शिकतो कधी?"

"झालं! सुरू झाली तुझी चाचणी," साहेब म्हणाले आणि बूट घालायला गेले.

आता बाईंच्या मनातली खरी गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. बाईंना इंग्रजी येत होतं, पण ते मराठीतून येत होतं. फळ्यावर वाक्य इंग्रजी, समजावणं मराठीत, रागावणं तर अस्सल मराठीत. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या माणसासमोर सलग पाच मिनिटं इंग्रजी बोलायची वेळ चोवीस वर्षांत त्यांच्यावर आली नव्हती. परवा विमानतळावर खिडकीतल्या माणसाने 'किती दिवस राहणार' एवढंच विचारलं, तर बाईंच्या तोंडून 'येस' गेलं. साहेब मागे बॅगा मोजत होते म्हणून निभावलं. त्या क्षणापासून बाईंच्या जिवाला घोर लागला होता. या शाळेला नको म्हणावंसं वाटतंय ते काही खुपतंय म्हणून, की आपल्याला भीती वाटतेय म्हणून? त्यांचं त्यांनाच कळेना. आणि भीतीपोटी नवऱ्याचं स्वप्न मोडायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

शाळा चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होती. तीन वर्ग, एक ऑफिस, मध्ये लांब बोळ आणि बोळात भिंतीला लागून बाकडी. मालक आपल्याच भाषेतला माणूस. पंचवीस वर्षांपूर्वी इथे आलेला, पण मराठी अजून तुपासारखं. "या ताई, बसा ताई, पाणी देऊ का ताई." बाईंना उगीचच ताई म्हणणाऱ्या माणसांचा जरा संशयच यायचा, पण आल्या आल्या काय बोलणार? तेवढ्यात मालकाचा फोन वाजला. तिसऱ्या लेव्हलच्या शिक्षिकेची दाढ सुजली होती, ती येणार नव्हती. आणि वर्ग तर भरला होता.

"तास बुडाला की कंपनी लगेच दंड लावते," मालक चुकचुकला. "काय करावं?"

"काय करावं म्हणजे?" साहेबांनी छाती फुगवली. "ही आहे की! चोवीस वर्षांचा अनुभव! ही घेईल तास."

"अहो..." बाई म्हणाल्या.

"वहिनी, उत्तम संधी आहे," दीर म्हणाले. "शाळा आतून बघून होईल."

मालकाच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते राहिलं. त्याने लगेच हजेरीपुस्तक ओढलं, त्या तासापुढे बदली शिक्षक म्हणून बाईंचं नाव लिहिलं, सही घेतली, हातात एक पिवळा कागद ठेवला. पाठाचा कागद. कितव्या मिनिटाला काय बोलायचं ते सगळं त्यावर छापलेलं. त्याबाहेर एक अक्षर बोलायचं नाही, हाही कंपनीचा नियम. तिघं जण करार वाचायला ऑफिसात गेले आणि बाईंनी वर्गाचं दार उघडलं. खोटं कशाला सांगा, देवाचं नावसुद्धा घेतलं.

वर्गात अकरा जण होते. सगळी मोठी माणसं. पुढच्या बाकावर केस कापण्याच्या दुकानात काम करणारी एक तरतरीत बाई, तिच्याशेजारी बस धुणारा एक उंच माणूस, त्याला बस चालवायची होती. खिडकीशी एक म्हातारा पाववाला, पहाटे भट्टी आटपून आलेला, भुवयांवर अजून पीठ. बाईंनी कागदावरून वाचलं, "गुड मॉर्निंग." अकरा तोंडं एका सुरात बोलली. बाईंनी चित्र वर धरलं. या माणसाला काय हवं आहे, असा पहिला प्रश्न होता. तो विचारायला बाईंनी श्वास घेतला, तर उत्तर आलंसुद्धा: त्याला तिकीट हवं आहे. दुसरं चित्र. प्रश्नाच्या आधी उत्तर: तिचं पाकीट हरवलं आहे. तिसरं, चौथं, तेच. पाढे म्हटल्यासारखे.

पहिलं एक मिनिट बाईंना हायसं वाटलं. चला, आपल्याला फारसं बोलावंच लागणार नाही! दुसऱ्या मिनिटाला त्यांचं नाक जागं झालं. चोवीस वर्षं कॉप्या पकडलेलं नाक ते. त्या सरळ खिडकीशी गेल्या आणि पाववाल्याचं पुस्तक उचललं. प्रत्येक पानावर उत्तरं पेन्सिलीने लिहिलेली. लिहून खोडलेली, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेली. खोडरबर फिरून फिरून पान इतकं विरलं होतं की पलीकडचं चित्र दिसत होतं. शेजारच्याचं पुस्तक बघितलं. तेच. पुढच्या बाकावरचं बघितलं. तेच.

"हे पुस्तक तुम्ही किती वेळा केलं?" बाईंनी विचारलं. इंग्रजीतून. हा प्रश्न पिवळ्या कागदावर नव्हता.

पाववाल्याने तीन बोटं दाखवली. मग जरा विचार करून चौथं.

"आणि या लेव्हलमध्ये किती दिवस झाले?"

"चौदा महिने," केसवाली म्हणाली. बस धुणाऱ्याला दीड वर्ष झालं होतं. पुस्तक चार महिन्यांत संपायचं होतं, तसं मागच्या पुठ्ठ्यावरच छापलं होतं.

"मग परीक्षा? परीक्षा का देत नाही?"

अकरा जणांनी खाली बघितलं. वर्गात मार खाल्लेली मुलं बघतात तसं. शेवटी केसवालीच बोलली, अडखळत, शब्द शोधत. सर, म्हणजे मालक, म्हणतात आम्ही अजून तयार नाही. दर वेळी म्हणतात, पुढच्या महिन्यात. ही लेव्हल पास झाल्याचा दाखला मिळाला की तिला इस्पितळात नोकरी मिळणार होती, तोवर ती केस झाडत होती. दुसऱ्या शाळेत जायचं तर पहिलीपासून सुरुवात. म्हणून सगळे इथेच.

बाईंच्या डोक्यात एकदम तिडीक गेली. शिकून तयार झालेल्यांना परीक्षेला पाठवायचं, तर कोणी त्यांच्या हातात खोडरबर देऊन बसवून ठेवावं? वर्षानुवर्षं? अरे, माणसं आहेत का कोण? आणि मग बाई बोलल्या. इंग्रजीतून बोलल्या, चुकत माकत बोलल्या, तावातावाने बोलल्या. शिक्षकाने थांबवलं म्हणून माणसाने थांबायचं नसतं, विचारायचं असतं, एकदा नाही दहादा विचारायचं, आणि तुम्ही मोठी माणसं असून विचारलं नाहीत म्हणजे तुमचेही कान उपटले पाहिजेत. अकरा जण ऐकत होते. पाववाल्याने तर चक्क स्वतःचा कान धरला. भीती कुठे गेली होती कोण जाणे. ती गेली हे बाईंच्या लक्षातही आलं नाही.

कोपऱ्यात कपाट होतं. किल्ली दारालाच. आत परीक्षेची पाकिटं होती, तिसरी लेव्हल, अंतिम. एका पाकिटात बारा प्रश्नपत्रिका, वर लाल सील आणि छापील आकडा. पाकिटावर धुळीचा थर. त्या दिवशी शनिवार नव्हता, पण बाईंचा हात शनिवारच्या सवयीने पुढे झाला. टर्रकन सील फाटलं.

"पुस्तकं बंद. पिशव्या मागे," बाई म्हणाल्या. "एकमेकांकडे बघायचं नाही. निकाल आजच मिळेल, त्याशिवाय कोणी जायचं नाही."

पाऊण तास वर्गात नुसता पेन्सिलींचा आवाज होता. कोणाच्याही पोटात दुखलं नाही. लिहून झाल्यावर बाईंनी सगळ्यांना बोळातल्या बाकड्यांवर बसवलं आणि पर्समधलं लाल पेन काढलं. चाळीस मार्कांचा पेपर, सव्वीसला पास. चोवीस वर्षांचा हात तो, भराभर चालला. नऊ जण पास. दोघं नापास: एक हॉटेलात भांडी घासणारा पोरगेलासा गडी, आणि पाववाला. पाववाला दोन मार्कांनी गेला. बाईंनी त्याचा पेपर पुन्हा तपासला, तिसऱ्यांदा तपासला. दोन मार्क काही कुठे सापडले नाहीत, आणि नसलेले मार्क देणं बाईंच्या रक्तात नव्हतं.

पेपरांचा गठ्ठा घेऊन त्या ऑफिसात गेल्या तेव्हा करार टेबलावर उघडाच होता आणि साहेब शेवटच्या पानावर होते.

"झाला तास? कसा काय?" साहेबांचा चेहरा फुलला होता.

"तास नाही घेतला. परीक्षा घेतली," बाई म्हणाल्या आणि फाटकं पाकीट टेबलावर ठेवलं.

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आधी पाकिटाकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा पाकिटाकडे.

"ताई, हे काय केलंत? सील... अहो, सील का तोडलंत?"

"परीक्षा घ्यायची म्हणून. सील आणखी कशाला तोडतात?"

मालक उठला, दार लावून घेतलं, परत येऊन बसला. मग त्याने हळूच समजावून सांगितलं. प्रत्येक पाकिटाचा आकडा कंपनीकडे असतो. सील तुटलं की त्याच दिवशी गुण कळवावे लागतात. एकदा का कळवले, की नऊ जण दाखला घेऊन मोकळे. "पण घाबरू नका," तो म्हणाला आणि आवाज पुन्हा तुपात बुडाला. "खराब पाकिटाचा एक फॉर्म असतो. पाणी सांडलं, पाकीट भिजलं, नष्ट केलं. ज्याने फोडलं त्याची सही लागते, बस. आपल्या माणसाकडून चूक झाली, आपणच सांभाळून घ्यायची." त्याने खणातून फॉर्म काढून कराराशेजारी ठेवला. आता बाईंच्या सहीसाठी टेबलावर दोन कागद झाले.

"ही माणसं दीड दीड वर्षं अडकून पडलीत," बाई म्हणाल्या. "तयार असून."

"अडकून नाही हो, खूश आहेत," मालक म्हणाला. "विचारा त्यांना. दमून भागून येतात, चार माणसं भेटतात, हसतात. फी वेळेवर देतात. कोणाचं वाईट झालंय?"

साहेबांनी फाइल पुढे ओढली. कितीही म्हटलं तरी हेडक्लार्क माणूस. तीस वर्षं दुसऱ्यांच्या टिपणांतल्या चुका काढल्या होत्या.

"असू दे," ते सावकाश म्हणाले. "समजा, आपण घेतली आणि यांना पास करून सोडलं. नवीन येतील की."

"नवीन किती आले दोन वर्षांत?" बाईंनी मालकाला विचारलं.

मालक पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत राहिला.

"विचारतेय ती," साहेब म्हणाले.

"चार," मालक म्हणाला. "पण वस्ती वाढतेय इथे..."

साहेबांनी फाइलीचं पान मागे उलटलं. ब्याण्णवचा आकडा लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेलं पान त्यांच्या समोरच होतं. बाईंना वाटलं, समजलं. आता समजलं यांना. त्यांना साहेबांची कीवही आली आणि मनावरचं मोठं ओझंही उतरलं.

"चला," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "उठा. भाऊजी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. घरी जाऊ. आपला क्लास आहे, आपण बरे आणि आपली पोरं बरी."

साहेब उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"क्लास नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"जागा सोडली मी. निघायच्या आदल्या दिवशी. खोल्या दुसऱ्याला गेल्यासुद्धा. बाकं विकली. पोरांच्या घरी निरोप दिले, बाई आता परदेशात शिकवणार म्हणून." साहेब टेबलाकडे बघून बोलत होते. "मला माहीत होतं, तू ऐन वेळी कच खाणार. परत फिरायची वाटच ठेवायची नाही म्हटलं. तुझ्या भल्यासाठीच केलं गं. तू तिथे दोन खोल्यांत खडूची धूळ खात मरायचीस..."

दीर उठून उभे राहिले. त्यांनाही हे माहीत नव्हतं. "दादा, हे काय केलंस तू?" एवढंच ते म्हणाले.

"माझा क्लास," बाई म्हणाल्या. "माझ्या क्लासला कुलूप लावलंत? मला न विचारता? चोवीस वर्षं मी त्या फळ्यासमोर उभी राहिले, आजारपणात राहिले, आई गेली त्याच्या तेराव्या दिवशी राहिले. आणि तुम्ही बाकं विकलीत? कोणाला विकलीत?"

"चुकलं असेल माझं. पण आता काय उपयोग? आता ही शाळा नाही घेतली, तर तुला ना इथे शाळा ना तिथे." साहेबांचे डोळे भरून आले होते. "सही कर गं. तो फॉर्म कर, हा करार कर. एक वर्ष असंच चालू दे. पुढचं पुढे बघू. शिकवायला वर्ग तर राहील तुला."

मालकाने काही न बोलता पेन पुढे सरकवलं. त्या क्षणी तो बोलला असता तर बरं झालं असतं. बाईंना भांडायला कोणीतरी मिळालं असतं. बाईंनी पेन हातात घेतलं. खरं सांगायचं तर त्यांचं मन डळमळलं. आजच्या तासाला त्या पहिल्यांदाच घडाघडा बोलल्या होत्या, मराठीच्या कुबड्या न घेता, आणि समोरच्यांना कळलं होतं. भीती नव्हती, हे आता कळत होतं. या पिवळ्या वर्गात आपण शिकवू शकतो, आवडेलसुद्धा. एक सही, नव्हे, दोन सह्या, आणि उद्यापासून ते अकरा जण त्यांचे. उद्या, परवा, पुढच्या वर्षी. तेच पुस्तक, तेच खोडरबर. आणि बाईंनी त्यांच्या तोंडावर सांगायचं, तुम्ही अजून तयार नाही.

त्यांनी मालकाचं पेन खाली ठेवलं आणि स्वतःचं लाल पेन काढलं. प्रत्येक पेपरला खाली फाडायचा एक तुकडा होता: नाव, गुण, पाकिटाचा आकडा, परीक्षकाची सही. तो घेऊन कंपनीच्या कुठल्याही शाखेत गेलं की दाखला मिळतो, असं त्यावर छापलेलंच होतं. परीक्षक म्हणजे त्या तासाला हजेरीपुस्तकात ज्याचं नाव असेल तो शिक्षक. बाईंनी पहिल्या तुकड्यावर सही केली.

"ताई, विचार करा," मालक म्हणाला. "ही नऊ माणसं गेली की शाळा संपली. तुमचीही आणि माझीही."

"तुमची कधीच संपली," बाई म्हणाल्या. "माझी आता संपतेय. करू द्या मला सह्या."

साहेबांनी हात पुढे केला, थांबवायला की काय, आणि तसाच टेबलावर ठेवून दिला. दीर खिडकीकडे तोंड करून उभे होते. बाईंनी नवव्या तुकड्यावर सही केली, गठ्ठा उचलला आणि दार उघडून बोळात आल्या.

अकरा जण बाकड्यांवरून ताडकन उठले. बाईंनी पास झालेल्यांचं एकेक नाव घेतलं, एकेक तुकडा फाडून हातात दिला. उच्चार चुकले, नावंही चुकली, कोणी हसलं नाही. केसवालीने कागद दोनदा वाचला आणि बाईंना घट्ट मिठी मारली. बस धुणारा जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत गेला, त्याला कोणाला तरी फोन करायचा होता. बाकीचेही हळूहळू पांगले. भांडी घासणारा आपले गुण बघून खांदे उडवून गेला, पुन्हा देईन म्हणाला. उरला पाववाला.

बाईंनी त्याला त्याचा पेपर दिला आणि सांगितलं. नापास. दोन मार्कांनी.

म्हातारा पेपराकडे बघत राहिला. मग त्याने मान डोलावली. चार वेळा ते पुस्तक खोडून लिहिलं, पण कोणीतरी आपला पेपर तपासला, हे पहिल्यांदाच, असं काहीतरी तो तुटक इंग्रजीत म्हणाला. मग त्याने विचारलं, "उद्या तुम्ही येणार?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी उद्या येणार नाही."

"मग तुमची शाळा कुठे आहे? मी तिकडे येतो. बस बदलून येतो."

मागे ऑफिसचं दार उघडल्याचा आवाज आला. साहेब निळी फाइल न घेता बाहेर आले होते आणि बोळाच्या टोकाला येऊन थांबले होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांच्याशी काय बोलायचं ते त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं, आणि ते ठरवायला बरेच दिवस लागणार होते.

"मला शाळा नाही," बाई म्हणाल्या. सरळ, स्वच्छ इंग्रजीत. असं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

पाववाल्याला ते कळलं. त्याने बाकड्यावरची आपली पिशवी उचलून जमिनीवर ठेवली आणि सरकून जागा केली. बाई जराशा थांबल्या. मग त्या बाकड्यावर बसल्या, त्याचा पेपर दोघांच्या मध्ये पसरला, चष्मा नीट केला आणि सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "दोन मार्क इथे गेले."

ऑफिसात मालक फोनवर कोणाशी तरी मोठ्याने बोलत होता. साहेब बोळात उभेच राहिले. म्हाताऱ्याने खिशातून पेन्सिल काढली आणि बाई त्याला पहिल्यापासून समजावून सांगू लागल्या.